अथालचा हजार वर्षांचा रांजण

चहा ओता, मग सांगतो. एवढं हसं माझं आमच्या गावी कोकणातसुद्धा कधी झालं नव्हतं!

मी सिल्वासात इतिहास-भूगोल शिकवतो. त्या आठवड्यात वर्गाला दूरच्या एका बेटावरच्या खोऱ्याचे फोटो दाखवले होते. गोल डोळ्यांचे दगडी पुतळे आणि मृतांना ठेवायचे झाकणवाले दगडी रांजण. डोक्यात तेच घोळत होतं. आणि जवळच्या अथाल गावात एका शेताच्या बांधावर काय दिसावं? दगडी रांजण, वर झाकण, शेजारी गोल डोळ्यांचा दगड! चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तसंच!

आता शहाणा माणूस शेजारच्या घरात विचारेल की नाही? मी पडलो सरकारी नोकर. मी सूचना लावली! भोवती सुतळी, 'पुरातन अवशेष, हात लावू नये' असा कागद आणि खाली शाळेचा गोल शिक्का.

चार दिवसांनी मुख्याध्यापिका बाईंना आणि अख्ख्या नववीला घेऊन गेलो. बाई दरवर्षी माझ्या गोपनीय अहवालात 'सर्वसाधारण' लिहायच्या. म्हटलं, यंदा 'उत्कृष्ट' कुठे जातंय!

"मुलांनो, हा घडवणारा हजार वर्षांपूर्वी वारला. कदाचित यातच असेल."

मागून कुणीतरी खाकरलं. खांद्यावर पंचा, हातात बादली, एक खानदेशी आजोबा.

"मास्तर, म्या घडवला तो. मसाटच्या कारखान्यातून रिटायर झालो तवा. म्हशीले पाणी पाजाले."

"आणि हा पुतळा?"

"खुंटा हाये. डोळे आपले हौसेनं काढले."

बाई आभाळाकडे बघू लागल्या.

"अहो," मी म्हटलं, "मग कागद फाडून टाकायचा ना!"

"शिक्का होता ना, भाऊ! चार दिवस झाले, बोरिंगवरून बादल्या वाहतोय. अर्ज कुठं कराचा, तेबी लिहेल नव्हतं."

खरं सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुतळी सोडली, बादली घेतली आणि म्हशीला स्वतः पाणी पाजलं. नववी टाळ्या वाजवत होती.

अहवालात यंदा 'सर्वसाधारण'सुद्धा नाही. 'जनावरांची आवड आहे' एवढंच.

परवा अथालला गेलो तर रांजणाच्या दुसऱ्या बाजूला नवा खुंटा. गोल डोळे, त्यांवर चष्मा कोरलेला. म्हैस त्याला मान घासत उभी.

या वेळी मात्र मी आधी विचारलं. "आजोबा, हा कोण हो?"

"तुम्हीच की! हजार वर्षं टिकाल, मास्तर."