खुर्चीसकट वजन

माझी बायको जाड होती. ती गेली म्हणून मी तिला बारीक करणार नाही. कितीतरी वर्षं तिचे गुडघे दुखले, प्रेशर वाढलं, दम लागला. मुलुंडमध्ये ज्या ज्या डॉक्टरकडे गेलो, तो तिला बघूनच म्हणायचा, "काकू, वजन उतरवा." विम्याच्या कागदावर मात्र कधी गुडघा, कधी प्रेशर. वजनाचं नाव नाही. एकाला मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "काका, ते लिहिलं की विमा कंपनी शंभर प्रश्न काढते. कशाला पाहिजे?" तेव्हा मला बरंच वाटलं. आता स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मागच्या वर्षी तिचं लिव्हर गेलं. जेवण तुटलं. हातांच्या काटक्या झाल्या, गालाची हाडं वर आली, पोटात नुसतं पाणी. घाटकोपरच्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा तिला उभं राहवत नव्हतं. तिथे जमिनीलगत सपाट काटा होता. त्यावर तिला चाकाच्या खुर्चीसकट ढकललं. आकडा आला, सिस्टरने लिहिला.

मी चौथी शिकलेला, पण तीस वर्षं धरमकाट्यावर ट्रक तोलले. भरलेला तोलायचा, मग रिकामा तोलायचा, तेव्हा माल किती ते कळतं. म्हटलं, "सिस्टर, खुर्ची वजा करा."

"काका, बाजूला व्हा. पेशंटला वर न्यायचंय."

खुर्चीतून ही म्हणाली, "राहू द्या ओ. मी काय सिमेंटची गोण आहे?"

मी बाजूला झालो. जन्मभर तिचं ऐकलं नाही, नेमकं त्याच दिवशी ऐकलं.

नवव्या दिवशी ती गेली. तेराव्यानंतर कंपनीचं पत्र आलं. मुलीने वाचून सांगितलं: पेशंटला आधीपासून लठ्ठपणा होता, तो विमा घेताना लपवला, क्लेम नामंजूर.

लपवला! जी बाई शिंप्याला स्वतःच सांगायची, "अर्धा मीटर जास्त घे रे, आकार बघ ना माझा," ती लपवणार? एजंट आमच्या घरात बसून फॉर्म भरत होता. तिने वजन खरं सांगितलं. त्याने काय लिहिलं ते त्यालाच ठाऊक. पैसे गेले तर गेले, पण मेलेल्या बाईला लबाड म्हणायचं?

मुलीला घेऊन हॉस्पिटलच्या विम्याच्या खिडकीवर तीन खेपा मारल्या. चौथ्या खेपेला तिथली बाई वैतागली.

"काका, वजन आणि उंची टाकली, कॉम्प्युटरने लठ्ठपणा दाखवला. मी काय करू?"

"कॉम्प्युटरला खुर्ची दिसली का?"

"कुठली खुर्ची?"

मी उठलो, पॅसेजमधली तसली रिकामी खुर्ची ओढत आणली आणि सरळ खिडकीसमोरच्या त्याच सपाट काट्यावर चढवली. लोक बघायला लागले. एकवीस किलो! बाईने आकडा टिपून घेतला. मग तिने डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, खुर्ची काढली तर लठ्ठपणा उरतच नाही, पोटातलं पाणी वजा केलं तर वजन आणखी कमी होईल.

तिने कॉम्प्युटरवर आमचे विम्याचे जुने कागद उघडले आणि एकदम खूश झाली. "काका, काम झालं! आधीच्या एकाही क्लेममध्ये लठ्ठपणा नाही. पेशंट कधीच लठ्ठ नव्हती, असं पत्र देते, खाली तुमची सही. पास होईल."

"कधीच कशी? होती की लठ्ठ! आजारात वाळली, तेव्हा नव्हती."

"अहो, तुमचंच काम होतंय ना? मग गप्प बसा ना!"

"मग तसं लिहा. आधी होती, नंतर नव्हती."

"तसं लिहिलं तर परत अडकेल."

मुलीने माझा दंड धरला. "बाबा, आईला खोटारडी म्हणणार नाहीत आता. सही करा."

केली. जाड होती तेव्हा एकानेही लिहिलं नाही, हाडं दिसायला लागली तेव्हा लिहिलं, आणि आता खोडलं ते माझ्याच सहीने.

बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "सुटलो, बाबा."

मी तिच्या हातातून दंड सोडवून घेतला आणि मुलुंडची रिक्षा थांबवली.