गंजाच्या डागांचं काम

नवरा गेल्यावर मी वेळापूर सोडलं आणि सोलापुरात चुलत दिराच्या घरी राहून गिरणीत लागले. माझ्याकडे डागांचं काम आलं. यंत्रांच्या लोखंडाचा गंज कोऱ्या कापडाला लागे, तो एका पांढऱ्या क्षारानं काढायचा. साहेब त्याला अमोनियम बायफ्लोराइड म्हणायचे, आम्ही डागाचं मीठ. ते काचसुद्धा खातं, म्हणून लाकडी बादलीत भिजवायचं. काडीला चिंधी गुंडाळून डागावर टिपलं की तांबूस रंग विरत जाई. मग कापड भरपूर पाण्यात धुवायचं. सुताला लावायची खळ आंबू नये म्हणून तिच्यातही तसलंच मीठ चिमूटभर टाकत.

मुकादम पहिल्याच दिवशी सर्वांदेखत म्हणाला, "ह्ये इख हाय. हात तोंडाला लावायचा न्हाय."

बायकांनी ते माझ्याबद्दलच सांगितल्यासारखं धरलं. जेवायच्या सुट्टीत कुणी माझ्याजवळ बसेना. मी हात घासघासून धुवायची आणि भिंतीकडे तोंड करून भाकरी खायची. घरीही जावेनं माझं ताट वेगळं केलं होतं.

मग विणकराच्या घरातली एक तेलुगू बाई कामाला आली. तिला मराठी येत नव्हतं. दुपारी ती सरळ माझ्यासमोर येऊन बसली. मी बादलीकडे बोट दाखवून मान हलवली. तिनं माझे धुतलेले हात उलटेसुलटे करून पाहिले, हसली, आणि आपली चटणी माझ्या भाकरीवर वाढली. तेव्हापासून आम्ही रोज एकत्र जेवायचो, बहुतेक वेळा न बोलताच.

एकदा चिंधी फाटून ते पाणी माझ्या नखात गेलं. आधी काही वाटलं नाही. दुपारनंतर मात्र बोट हाडापासून ठणकायला लागलं.

"नोप्पी?" दुखतंय का, असं तिनं बोटाकडे बघत विचारलं. मी रडतच होते. तिनं कनवटीची डबी काढली. "सुन्नम."

"चुना व्हय?"

तिनं तो पाण्यात कालवला आणि गिरणी सुटेपर्यंत माझं बोट त्यात धरून ठेवलं.

पुढे तिला दिवस गेले आणि ती यायची थांबली. बरेच दिवस वाट पाहून मी साखर पेठेत तिचं घर शोधलं. दारातल्या म्हातारीला विचारलं, "बरी हाय का ती?" म्हातारी खूप बोलली. मला एकच शब्द कळला, लेदू. म्हणजे नाही. इथं नाही, की राहिलीच नाही?

गिरणीत दोन्ही भाषा येणाऱ्या बायका होत्या. एखादीला सोबत नेता आलं असतं. मी नेलं नाही. माहेरी गेली असेल, असं धरून मी पुन्हा एकटीच जेवू लागले.