पाणी न पिणारी फळी

बाबूचाचांनी माझ्या सर्फबोर्डकडे आधी पाहिलंच नाही, त्यांनी तो ठोकला. मधल्या बोटाचं पेर वाकवून ते शेपटीपासून टक टक करत निघाले, मोडक्या नाकाच्या वीतभर अलीकडे थांबले, तिथे पुन्हा दोनदा ठोकलं आणि म्हणाले, "हिनं पाणी पिलंय." ही वस्तू काय आहे आणि ती कशाला लागते, हे त्यांनी त्यानंतर विचारलं.

मी नांदेडच्या एका शाळेत भूगोल शिकवते. वीस वर्षं फळ्यावर समुद्रप्रवाहांचे बाण काढले, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत, कोकणातल्या एका सर्फिंगच्या वर्गाला जाऊन पहिल्यांदा त्या पाण्यात पडले. पडले म्हणजे अक्षरशः पडले. आठ दिवसांत मिळून पंधरा सेकंद लाटेवर उभी राहिले असेन, पण त्या पंधरा सेकंदांनी माझं डोकं पार फिरवलं. वर्गाचा मालक नाक मोडलेला एक बोर्ड फेकून द्यायला निघाला होता. तो मी मागून घेतला, सोलापुरी चादरीत गुंडाळला आणि ट्रॅव्हल्सच्या टपावर टाकून नांदेडला आणला. ऑटोवाल्याने विचारलं, "मॅडम, एवढा मोठा इस्त्रीचा टेबल कुठून आणला?" मी म्हटलं, कोकणातून. त्याला ते पटलं.

दुरुस्तीला जायचं कुठे? बोर्डाचं वरचं कवच फायबरचं असतं आणि नांदेडात फायबरचं काम म्हणजे कूलर. असं शोधत मी देगलूर नाक्याच्या मागच्या गल्लीत बाबूचाचांच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोचले. सत्तरीला टेकलेला, काटकुळा माणूस. मेंदी लावलेली दाढी, हातावर केस शिल्लक नाहीत, कारण ते सगळे वेळोवेळी फायबरवर ओतायच्या चिकट रेझिनबरोबर निघून गेलेले. पस्तीस वर्षं त्यांनी कूलरच्या बॉड्या आणि पाण्याच्या टाक्या केल्या होत्या. प्रत्येक टाकी पाण्याने काठोकाठ भरून ते पातळीवर खडूची रेघ ओढत आणि तीन दिवस ती तशीच ठेवत. पाणी रेघेखाली गेलं की टाकी परत कामाला. "गिऱ्हाइकाच्या घरी गळण्यापेक्षा माझ्याकडं गळावी," असं ते म्हणत.

मला घाई होती. नाकावर कापड चिकटवा आणि द्या, असा माझा हिशोब. चाचांनी फुटलेली कड हातभर कापून टाकली आणि बोर्ड शेडच्या कोपऱ्यात दोन स्टुलांवर आडवा ठेवला. समोर एक कूलर लावला, त्यात पाणी न घालता. नुसता वारा. मी रोज शाळा सुटल्यावर जाऊन विचारायची, "झालं का?" ते ठोकून बघायचे आणि मान हलवायचे.

"उन्हात ठेवू या ना, चाचा. आपल्याकडे उन्हाला काय तोटा?"

"उन्हात वरचं कातडं सुटतंय. आत ओल ठिवून भोक बुजवलं तर त्याला काम न्हाई म्हणत, लपवणं म्हणत्यात. बसा. चहा घ्या."

तीन आठवडे मी चहा घेतला. तेवढ्यात शिकलेही बरंच. काचेच्या कापडाचं काम करायच्या आधी अंगाला पावडर चोपडायची, नाहीतर खाज रात्रभर सोडत नाही. नंतर हात गार पाण्यानेच धुवायचे. तोंडाला ओलं फडकं बांधायचं. हे शेवटचं ते मला दरडावून सांगत, कारण त्यांनी स्वतः ते कधी बांधलं नव्हतं आणि आता दोन जिने चढले तरी त्यांना धाप लागायची. नाक बसलं तेव्हा जोड कुठे आहे हे मला बोटाने सापडेना. मी इतकी खूश झाले की दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात मोसमी वारे सोडून काचतंतूंवर तासभर बोलले.

पण बोर्ड मला लहान होता. मी काही काडी नाही. माझ्या वजनाला लांब, जाड फळी हवी होती. हे बोलून दाखवलं तेव्हा चाचांनी बोर्डाच्या नव्या नाकावरून हात फिरवला.

"आपण करू की. ही दुसऱ्याची हाय, आपली करू." मग म्हणाले, "जूनमधी दुकान बंद करून राहिलो मी. पोरगा हैदराबादला बोलावतोय. डॉक्टर म्हणले, धूळ बंद. पण पस्तीस वर्ष निस्ते कूलर केले, मॅडम. जाताना बी कूलरच करून जाऊ का?"

म्हणजे फळी दोघांनाही हवी होती. मला पावसाळ्यासाठी समुद्र बंद व्हायच्या आत, म्हणजे मेअखेरपर्यंत. त्यांना शटर ओढायच्या आत. एप्रिलची परीक्षा संपली आणि आम्ही कामाला लागलो. सजावटवाल्याकडून थर्माकोलचे जाड ठोकळे आणले. शेगडीच्या कॉइलची तार ताणून, तापवून त्यांना आकार दिला. मधोमध कण्यासाठी किनवटच्या कुणाच्या तरी जुन्या दाराची सागाची पट्टी बसवली. आठ फुटांची पांढरीशुभ्र फळी शेडमध्ये उभी राहिली तेव्हा शेजारचे टायरवाले बघायला आले. मी तर तिच्या बाजूला उभी राहून फोटोच काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी चाचांनी नेहमीचं रेझिन कालवून तिच्यावर ओतलं आणि फळी आमच्या डोळ्यांदेखत विरघळायला लागली. थर्माकोल खाली खाली बसत गेला, खड्डे पडले, सागाची पट्टी तेवढी वर राहिली. चाचा ब्रश हातात धरून बघत होते. त्यांच्या रेझिनचं आणि थर्माकोलचं वैर असतं, हे पस्तीस वर्षांत कळायचं कारणच नव्हतं, कारण थर्माकोलचा कूलर कोण करतो? जुन्या बोर्डाच्या आतला फोम वेगळा होता, म्हणून तिथे निभावलं. मी कोकणात फोन केला. मालक आधी पोटभर हसला आणि मग म्हणाला, एपॉक्सी मागवा, ते रेझिन थर्माकोल खात नाही.

एपॉक्सी हैदराबादहून आलं. दुसरी फळी कापली. डब्यावर लिहिलं होतं की दोन्ही द्रावणं वजनाने मोजूनच मिसळायची. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. चाचा म्हणाले, "वाचा, वाचा. माझा हात हाच काटा हाय." आणि अंदाजाने कालवून फळीवरच्या कापडावर ओतलं. वर लवकर वाळावं म्हणून घट्ट करणाऱ्या हार्डनरची धार थोडी जास्तच सोडली, कारण त्यांच्या नेहमीच्या मालात तसंच चालतं. तीन दिवस झाले. फळी काकवीसारखी चिकटच. चौथ्या दिवशीही बोट लावलं की तार निघत होती.

त्या दिवशी चाचांनी चहा सांगितला नाही. ते खुर्चीवर बसून आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. मला त्यांच्याकडे बघवेना. सुट्टीचे दिवस सरत होते, पण त्या क्षणी मला माझ्या समुद्राचं काही वाटलं नाही. या माणसाचं शेवटचं काम असं चिकट राहून जाणार, याचंच वाईट वाटत होतं.

मी म्हटलं, "चाचा, माझे बाबा लातूरला आडतीवर होते. दाणा दाताखाली धरून ओल सांगायचे, कधी चुकले नाहीत. पण काटा झाल्याशिवाय पोतं हलवायचे नाहीत."

"आडत्याची लेक हाव तुमी?"

"हो."

"मग आधी का न्हाई बोललात?" ते उठले. "चूक माझी हाय. कापड सोलून काढू, आतली फळी अजून चांगली हाय. आन् उद्या तुमचा काटा आना."

बाबांचा काटा माझ्याकडेच होता, नमुन्याचं धान्य तोलायचा, छोटा, ग्रॅमपर्यंत दाखवणारा. चाचा पहाटेची नमाज आटोपून येत. उन्हं चढली की एपॉक्सी डब्यातच धुमसायला लागतं, म्हणून साडेपाचला काम सुरू. मी तोलायची, ते कालवायचे. ते ओतायच्या आधी माझ्याकडे बघायचे आणि मी "बरोबर" म्हटल्याशिवाय हात हलवायचे नाहीत. कापड त्या पांढऱ्या फळीवर काचेसारखं पारदर्शक होत गेलं, खालची सागाची पट्टी सोनेरी दिसायला लागली, आणि मला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी चाचांनी बोट लावलं. मग पेराने ठोकलं, शेपटीपासून नाकापर्यंत, न थांबता. "वाजतीय," एवढंच म्हणाले. त्यानंतर खाली माशाला असतात तसे तीन पर बसवले आणि पायाला बांधायच्या दोरीसाठी मागे एक कडी.

आता तिला हौदात दगडाखाली तीन दिवस दाबून ठेवायचं, असं त्यांच्या मनात होतं. पण दिवस उरले नव्हते. समुद्र बंद व्हायला आठवडा होता, संध्याकाळी माझी बस होती. न तपासलेला माल त्यांच्या शेडमधून पहिल्यांदाच बाहेर पडत होता. त्यांनी खिशातून एक नवा कोरा काटा काढला, बॅगा तोलायचा, हुकाचा. स्वतः बाजारात जाऊन आणला होता. फळी सुतळीने अडकवून तोलली आणि भिंतीवर खडूने लिहिलं: सात किलो दोनशे.

"ह्योच काटा संगं घ्या. दुसऱ्या काट्यावर माझा भरोसा न्हाई. पाण्यातून काढल्यावर वजन करून मला फोन लावा. उभं राहिलात का पडलात, ते मला नका सांगू. निस्तं वजन सांगा."

चाचा आता नाहीत. माझी बस सुटली त्यानंतर दहा दिवसांनी त्यांनी शटर ओढलं, हैदराबादला गेले आणि पुढच्या हिवाळ्यात तिथेच वारले. शेड टायरवाल्यांनी घेतली, भिंतीला निळा रंग दिला. त्यांनी उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता, आणि त्यांच्या हातची एकच वस्तू समुद्रात गेली. म्हणून ती किनाऱ्यावरची सकाळ मला नीट सांगायची आहे.

मी दोन तास पाण्यात होते. किती वेळा पडले ते मोजलं नाही. बाहेर आले तेव्हा नाकातोंडात खारं पाणी होतं. सर्फिंगच्या वर्गाच्या मांडवाच्या बांबूला काटा अडकवला, त्याला फळी टांगली. बाकीचे शिकाऊ हसत होते. आकडा स्थिर झाला: सात किलो चारशे साठ.

दोनशे साठ ग्रॅम जास्त. पुन्हा तोललं. तेच. क्षणभर वाटलं, खोटंच सांगावं. कोण बघायला येणार आहे? पण आत ओल ठेवून भोक बुजवायचं नाही, हे मी ज्यांच्याकडे शिकले होते त्यांनाच फोन लावायचा होता. लावला आणि आकडा सांगितला.

चाचांनी आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला.

"पुसली का?"

"पुसली, चाचा. कोरडी आहे."

ते म्हणाले, "मॅडम, पायाची दोरी सोडली का कडीतून?"

मी वळून पाहिलं. दोरी लोंबत होती, तिच्या पट्ट्यातून पाणी ठिबकत होतं. नांदेडला तोललं तेव्हा ती नव्हतीच. ती मी इथे, किनाऱ्यावर बांधली होती. ती ओली गाठ सोडायला मला किती वेळ लागला कोण जाणे. फळी पुन्हा टांगली. आकडे धावले, मागेपुढे झाले, थांबले.

"सात किलो दोनशे."

"पुन्हा करा."

पुन्हा केलं. "सात दोनशे, चाचा."

"न्हाई पिलं म्हणजे," ते म्हणाले. हैदराबादला जायच्या बांधाबांधीत असलेल्या त्या रिकाम्या शेडमध्ये त्यांनी खुर्ची ओढल्याचा आवाज मला ऐकू आला. ते नीट बसले असावेत.

"हां. आता सांगा. उभं राहिलात का?"