बरं शे

आधार बिऱ्हाडे यांनी अमळनेरात चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले. सुईत दोरा ओवायला आपल्याला चष्मा लागत नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. मग उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर कंपवात म्हणाले, आणि सुई त्यांच्या बायकोच्या, केसरबाईंच्या हातात गेली.

धुळ्याच्या एका हॉस्पिटलात कंपवातावरच्या नव्या गोळीचा अभ्यास सुरू झाला, त्यात आधारआबांनी नाव दिलं. खरी गोळी कोणाला आणि नुसती दिसायला तशी कोणाला, हे तिथे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. मी सपना. दर सोमवारी अशा बारा जणांना फोन करून तब्येत विचारायची आणि लिहायची, ही माझी नोकरी.

आबा फोन उचलून म्हणायचे, "जय भीम पोरी, बरं शे." बरं आहे म्हणजे 'त्रास नाही', त्या रकान्यात खूण करून मी पुढचा नंबर लावायची. सहा सोमवार असंच चाललं. आता त्याची लाज वाटते. मी धरणगावकडची, घरी अहिराणीच बोलते. आमच्याकडे अंगात ताप फणफणत असला तरी माणूस 'बरं शे'च म्हणतो. माझ्या बापाने ऑपरेशनला नेताना तेच सांगितलं होतं. हे सगळं ठाऊक असून फोन हातात आला की मी शुद्ध मराठी बोलणारी बाई व्हायची, आणि अक्कल गहाण पडायची.

सातव्या सोमवारी फोन केसरबाईंनी उचलला. आबा निजलेत म्हणाल्या. सकाळी अकरा वाजता? मी खोदून विचारलं, तेव्हा त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"तीनदा पडनात. काल नळना जोडे कपाय फुटनं."

तीनदा पडले होते, नळापाशी कपाळ फुटलं होतं. समोर माझ्याच हातच्या सहा खुणा होत्या. तेवढ्यात आबांनी फोन घेतला. हात थोडा स्थिर झालाय, म्हणाले. परवा सुईत दोरा स्वतः ओवला, पहिल्या झटक्यात. मग थांबून म्हणाले, "पडनू ते लिखू नको पोरी. नाव काढी टाकतीन."

क्षणभर मलाही वाटलं, नको लिहायला. ते दोरा ओवतायत, ते मी कशाला हिरावून घेऊ? पण डोक्याला मार लागला होता. लिहावंच लागेल, म्हटलं. त्यांनी फोन ठेवला.

डॉक्टरांनी गोळी लगेच बंद केली आणि आबांना तपासणीला बोलावलं. अमळनेरची एसटी येईपर्यंत मी फाटकापाशी तीनदा जाऊन आले. आबा उतरले ते कपाळावर पट्टी बांधून, माझ्याकडे न बघता. मेंदूत रक्तस्राव नव्हता. ऐकल्यावर मी जिन्यात बसून रडले. मग उठून उरलेल्या अकरा जणांना फोन लावले आणि 'कशी आहे तब्येत' असं एकालाही विचारलं नाही. पडनात का, चक्कर येस का, असं एकेक करून विचारलं. आणखी दोघं पडले होते. दोघांच्याही कागदावर माझी खूण होती.

गोळी बंद झाली तरी सोमवारचा फोन चालू ठेवायचा असतो. पुढच्या सोमवारी आबांचा नंबर लावला. उचलणार नाहीत अशी धास्ती होती, आणि उचलून पुन्हा तेच दोन शब्द म्हणतील अशीही. त्यांनी उचलला. जय भीम मीच आधी केला.

"आबा, कसं शे?"

"सुई परत केसरजोडे गयी," ते म्हणाले. "माले भेव वाटस, पोरी."

मी पेन खाली ठेवलं.

"मालेबी, आबा," मी म्हटलं.