अर्धी कादंबरी कोणाची?

ती घटना अजून मनातून जात नाही. खून नाही, दरोडा नाही. एका कादंबरीची चोरी होती.

मी तेव्हा बदलापूरच्या पोलीस ठाण्यात होतो. खरवईच्या एका विधवा बाईंनी तक्रार दिली. त्यांचे यजमान आनंदनगरच्या कारखान्यात अधिकारी होते आणि कथा लिहीत. त्यांची शेवटची कादंबरी टाइप करून देतो म्हणून एका लेखकमित्राने नेली आणि ते वारल्यावर स्वतःच्या नावाने छापली. मूळ कागद त्याच्याकडेच. पुस्तकावर यजमानांचं नाव लागावं, एवढंच बाईंचं मागणं होतं.

गुन्हा नोंदवून मित्राला चौकशीला बोलावलं. मुरलेली असामी. शांतपणे चहा पिऊन त्याने कादंबरी आपलीच म्हणून सांगितलं. आरडाओरडा करणारा आरोपी मला परवडतो. या शांतपणाची मात्र चीड आली.

पुढची खबर अंबरनाथहून आली. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापिका मृत लेखकाच्या जुन्या वाचक होत्या; प्रकरण कानावर आल्यावर त्यांनी आपणहून संपर्क साधला. त्यांचं म्हणणं असं, की लेखक शब्द बदलू शकतो, पण किती लांब वाक्यानंतर किती लहान येतं ही सवय चालण्याच्या लकबीसारखी असते. ती मोजता येते. त्यांनी सगळ्यांच्या लिखाणाचे नमुने मागवले. आम्ही जबाब पाठवले.

त्यांचा फोन आला. "साहेब, हे सगळे जबाब एकाच माणसाचे आहेत."

खरंच होतं. बोलणारा कोणीही असो, आमचा हवालदार "विचारल्यावरून सांगतो की" अशी सुरुवात करी आणि पान उलटेपर्यंत पूर्णविराम देत नसे. ठाण्यात हशा पिकला. मग प्रत्येकाकडून स्वतःच्या हाताने पानभर लिहून घेतलं.

निष्कर्ष आला तेव्हा हसू मावळलं. कादंबरीचा पहिला अर्धा भाग यजमानांच्या जुन्या कथांशी जुळत होता. दुसरा त्यांच्याशी जुळत नव्हता, मित्राशीही नाही. तो जुळत होता बाईंच्या पानाशी: एक लांब वाक्य, आणि लगेच अगदी छोटं.

बाईंना बोलावून प्राध्यापिकांनी काढलेला आलेख समोर ठेवला. त्यांनी लांब-छोट्या रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "त्यांची वाचा गेली, हात गेला, आणि रोज त्या अर्ध्या कागदांकडे बघून त्यांचे डोळे भरायचे, म्हणून मी लिहायला बसले. जमलं."

मी सांगितलं, हे जबाबात यावं लागेल; नाहीतर अर्ध्या पुस्तकावर त्या मित्राचा दावा राहील.

"पण मग लोक म्हणतील, त्यांना स्वतःचं पुस्तक पुरं करता आलं नाही."

हवालदाराने लेखणी उचलली, तेव्हा त्याच म्हणाल्या, "द्या इकडे. माझं मी लिहिते."

शेवटच्या प्रकरणातून कोणता प्रसंग गाळला आणि का, तेही त्यांनी लिहिलं. तो जबाब न दाखवता मित्राला तेच विचारलं. त्याला काहीच सांगता येईना. संध्याकाळपर्यंत त्याने मूळ कागद आणून दिले. अर्ध्यानंतर अक्षर बदललेलं होतं.

माणसाचं म्हणणं त्याच्याच वाक्यांत लिहावं, हे मी या प्रकरणात शिकलो. निवृत्त होईपर्यंत माझ्या ठाण्यात तसेच जबाब लिहिले गेले. हवालदार कुरकुरत, पण लिहीत.

नवी आवृत्ती दोन नावांनी निघाली. बाई पुस्तक द्यायला आल्या, तेव्हा मी मुखपृष्ठावरचं त्यांचं नाव मोठ्याने वाचलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. म्हणाल्या, "त्यांनी शेवट वाचला होता, साहेब, आणि बोलता येत नव्हतं तरी माझा हात धरून बराच वेळ ठेवला होता. पुरे."