घंगाळातली कासवं

बसवनगुडीतले आमचे शेजारी एका कारखान्यात तपासनीस होते. एकदा दिलेला निकाल ते कधी फिरवत नसत. कारखान्यात नाही आणि घरीही नाही. बाजारातून त्यांनी रुपयाएवढी दोन कासवाची पिल्लं आणली, कॅलिपरने त्यांच्या पाठी मोजल्या आणि जाहीर केलं, "जमिनीवरची आहेत. पाणी वर्ज्य."

पिल्लं कोरड्या खोक्यात कोबीच्या पानाकडे पाठ करून बसली. चौथ्या दिवशी त्यांचे डोळे सुजलेले दिसले, तेव्हा मी भीत भीत म्हटलं, "साहेब, स्वल्प, जरा त्यांची बोटं बघता का? मधे पडदे आहेत. पाण्यातली असतील."

"तुम्ही पोस्टातले," ते म्हणाले. "मोजमाप आमच्यावर सोडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर त्यांचं अंघोळीचं घंगाळ अंगणात, उन्हात. आत चार बोटं पाणी, मधे एक वीट, आणि विटेवर दोन्ही पिल्लं माना ताणून ऊन खात बसलेली. साहेब स्वतः डिसेंबरच्या थंडीत नळाखाली कुडकुडत अंघोळ करत होते.

मी तोंड उघडायच्या आत ते तिथूनच गरजले, "माझा निकाल बरोबरच होता. यांनीच मत बदललं!"