वाटीतले ज्वारीचे दाणे

तिशीत मी एक लय मोठा मूर्खपणा केला: बायकांची मनं मोजायला निघाले. दहा दिवसांचं ध्यानशिबिर करून नुकतीच सेलूला परतले होते, प्राथमिक शाळेत बाई होते, आणि चित्ताचा सगळा अभ्यासक्रम आता आपल्याला पाठ झालाय असं मला वाटायचं. कुणी चहा दिला तरी कप घेण्याआधी मी दोन क्षण डोळे मिटायची. तेव्हाची ती मी आज मला रस्त्यात दिसले, तर गल्ली बदलीन.

वर्षावासात, पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत, आम्ही बायका संध्याकाळी बुद्धविहारात ध्यानाला बसायचो. मी प्रत्येकीपुढे रिकामी वाटी आणि मूठभर ज्वारी ठेवली. मन श्वासावरून पळालं असं कळलं की एक दाणा वाटीत टाकायचा. जिच्या वाटीत सगळ्यात कमी दाणे, तिचं ध्यान पक्कं. शुद्धलेखनाच्या चुका मोजाव्यात, तसं.

माझ्या वाटीत तीन निघाले. ते सगळ्यांना नीट दिसतील अशी वाटी मी जरा पुढे सरकवली. माझी शेजारीण कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायची. तिच्या वाटीत त्रेचाळीस.

"अगं, हे मन हाय का जिनिंगची मशीन?" मी म्हणाले.

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तीही हसली. त्यानंतर ती वंदनेला यायची, खीर ढवळायची, सतरंज्या झटकायची, पण ध्यान सुरू व्हायच्या आत उठून जायची. "माझ्यानं न्हाई होत, बाई," एवढंच म्हणायची. मी समजूतदारपणे मान डोलवायची. तीसेक वर्षं डोलवली.

यंदा नात सुट्टीला आली. पुण्यात ती मन आणि मेंदू यांचा अभ्यास करते. "आजी, श्वासाकडे लक्ष दे," ती म्हणाली. "मन भटकलं असं तुझं तुला कळलं की हे बटण दाब. मधूनमधून लॅपटॉप टिंग करेल, तेव्हा मन कुठं होतं ते खरं सांगायचं."

मी ऐटीत बसले. बटण एकदाच दाबलं. टिंग मात्र दहादा वाजली, आणि आठ वेळा मी भलतीकडेच सापडले: येलदरी धरणातल्या माशांच्या कालवणात, सुनेनं आणलेल्या पडद्यांत, एकदा तर स्वतःच्याच कौतुकात.

"इतक्यांदा गेलीस आणि तुझं तुला कळलं एकदाच," नात म्हणाली. "मन सगळ्यांचंच भटकतं गं, मेंदूची रीतच ती. ते भटकलंय हे कळणं, हे वेगळं काम आहे."

मी ताडकन उठले. हे तर मला ठाऊक होतं की! आपल्या धम्मात मन हे सहावं इंद्रिय. कानावर आवाज पडतो तसा मनावर विचार पडतो. आवाज आला म्हणून कानाला कुणी नापास करत नाही. भटकलेल्या चित्ताला भटकलेलं म्हणून ओळखायचं, ध्यान म्हणतात ते हेच. शेकडो वेळा मी हे पोपटासारखं बोलले, आणि दाणे पुढ्यात आल्यावर गणित उलटं मांडलं. एकेक दाणा म्हणजे एकेकदा जागं होणं. ती त्रेचाळीसदा जागी झाली होती. आणि तिलाच मी उठवून लावलं.

नातीला दाण्यांची गोष्ट सांगत सांगतच मी चपला शोधायला लागले.

"आजी, ऊन बघ. कुठं निघालीस?"

"पहिल्या नंबरची माफी मागायला."

"अगं, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही," नात मागून ओरडली. "तिचं मन जास्त भटकतही असेल."

असेल. पण तिला कळत होतं ना?

गुडघे विसरून मी शेजारच्या ओसरीवर पोचले. ती तूर पाखडत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आधी टिंग, मग बटण, मग दाणे, सगळा क्रम उलटासुलटा. म्हणाले, "माझं चुकलं. तुझं ध्यान मी तोडलं. आता तरी बसशील का?"

तिनं सूप बाजूला ठेवलं, हात झटकले आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "रोज सकाळी बसते की मी, बाई. तुमाला सांगितलं न्हाई. तुमी मोजत बसला असता."